रांगेतली पोरं

परवा फॅमिली ग्रुपवर धाकट्या मावसभावाने एक व्हिडिओ टाकला. पुण्यातला उन्हाळी क्रिकेट कॅम्प, सकाळचे साडेसहा, पांढऱ्या कपड्यांतली चाळीसेक पोरं आणि दोन नेट. त्याचा अकरा वर्षांचा मुलगा रांगेत कुठेतरी पाठमोरा उभा. खाली मजकूर : 'याला म्हणतात शिस्त! तिकडे दादाच्या टीममध्ये हरलेल्यांनाही मेडल देतात.' दादा म्हणजे मी. लगेच तीन काकांचे अंगठे आले आणि एक खदखदून हसणारा चेहरा. तो माझ्या सख्ख्या बहिणीचा.

मेडलचं मी नाकारत नाही. आमच्या घरी सहा पडली आहेत, त्यातलं एक बाथरूमचं दार आपटू नये म्हणून कडीला अडकवलंय. पण दुपारी ऑफिसात तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा पाहिला आणि गणित मांडलं. दोन नेट, दोन तास, म्हणजे २४० मिनिटं. चाळीस पोरांत वाटली की वाट्याला येतात सहा. बाकीचे एक तास चोपन्न मिनिटं मुलगा शिस्त शिकतो.

मी इथे न्यू जर्सीत चार वर्षं लिटिल लीग या लहान मुलांच्या लीगमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांना बेसबॉल शिकवतो. त्याआधी ग्लव्ह हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी मीही पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला चेंडू मारत बसलो, पुण्यात पाहिलं होतं तसं. चौथ्याचा नंबर येईपर्यंत मागचे दोघं गवतातली पिवळी फुलं खुडत होते आणि एकजण ग्लव्ह टोपीसारखा डोक्यावर घालून फिरत होता. शेजारच्या मैदानावरच्या म्हाताऱ्या कोचने येऊन आधी ती रांग मोडायला लावली.

आता बारा पोरांचे चौघा-चौघांचे तीन गट करतो. एक गट टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू नेटमध्ये मारतो, दुसरा जमिनीवरून येणारा चेंडू अडवतो, तिसरा फेकाफेकी करतो. पंधरा मिनिटांनी शिट्टी, की गट बदलायचे. अडवण्याची सुरुवात ग्लव्ह काढून, मऊ चेंडूने. मी गुडघ्यावर बसून हाताने चेंडू घरंगळत सोडतो. एक पंजा जमिनीला टेकलेला, दुसरा वर उघडा, मगरीच्या जबड्यासारखा. चेंडू आत आला की जबडा बंद. भीती गेली की मग ग्लव्ह आणि खरा चेंडू. नव्वद मिनिटांत एकेका पोराच्या हाताला साठ-सत्तर वेळा तरी चेंडू लागतो. मैदानावर उभा असलेला प्रत्येक बाबा कामाला लावलेला असतो, फॉर्म भरून घेऊन.

आणि मोजणी! नऊ-दहा वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस पिचिंग बंद. कुणाची तरी आई बाकावर क्लिकर घेऊन बसलेली असते, तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही. आमचा पुतण्या मात्र बॅटिंगचा नंबर येईपर्यंत नेटमध्ये मोठ्या मुलांना बोलिंग टाकत राहतो. किती, कुणी मोजत नाही. हे ग्रुपवर लिहिलं तर मावसभावाचं उत्तर : 'अरे दादा, कपिलला कोण मोजत होतं?'

पुढचं त्याचं वाक्य जास्त लागलं. 'तुला बोलायला काय जातंय? तुझ्याकडे मैदान आहे.' खरंय. आम्ही ज्या पटांगणात खेळायचो तिथे आता दुचाक्या लागतात. इथे टाउनशिप गवत कापून, रेषा मारून देते. आणि मी ग्रुपवर काय लिहिलं नाही, तर गावोगाव जाऊन खेळणाऱ्या निवडक पोरांच्या ट्रॅव्हल टीमची फी. हजारो डॉलर जातात त्यात. ज्यांना झेपत नाही त्यांची पोरं हळूहळू दिसेनाशी होतात. गेल्या वर्षी माझा सगळ्यात चांगला शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर, असाच गेला. तुलना करायला बसलं की आपल्याला हवं तेवढंच आठवतं.

बारा वर्षांचा असताना मीही असाच एक कॅम्प केला होता. अख्खा मे महिना नेटच्या मागे चेंडू गोळा केले. शेवटच्या दिवशी दोन ओव्हर बॅटिंग मिळाली, त्यातही एकदा बोल्ड. माझ्या हिशेबाने तो महिना वाया. पण आजही पुण्यात उतरलो की ज्या दोघांना पहिला फोन करतो, ते त्याच रांगेत भेटले. माझ्या पुढे एक, मागे एक. दुसरं काही करायला नव्हतंच, बोलत राहिलो. मग सायकली हातात धरून उसाच्या रसापर्यंत चालत.

माझ्या प्रॅक्टिसला रांग नाही. शिट्टी झाली की पाच मिनिटांत पार्किंग रिकामं. चार वर्षं झाली, माझ्या मुलाला त्या टीममधल्या एकाच्याही घरचा पत्ता माहीत नाही. मलाही नाही.

रविवारी पुतण्याला वेगळा फोन केला. ''किती चेंडू खेळलास रे?''

''अकरा. पण काका, माझ्या मागे उभा राहतो ना, त्याला ऑफस्पिन येतो. त्याने मला ग्रिप दाखवली. उद्या तो माझ्याकडे थालीपीठ खायला येणारे.''

हे मी ग्रुपवर टाकलेलं नाही.