"वर्गात पाय न ठेवता" या कमेंटला माझं उत्तर (लांबलंय, माफ करा)

सर,

तुम्ही नाव लिहिलेलं नाहीये, खाली नुसतं "निवृत्त मुख्याध्यापक, ठाणे" आहे, म्हणून सर म्हणते. कमेंट काल रात्री साडेअकराला वाचली. झोपायच्या आधी फोन बघू नये म्हणतात ते काही उगाच नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझी लेक सातवीत आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम (हो, ऐरोलीत अजून अशा शाळा आहेत). दिवाळीच्या सुट्टीत मी तिची सगळी पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि भाच्याची आठवीची पण, आणि लिहिलं की हे विषय वाटतात तेवढे वेगळे नाहीयेत, विज्ञानातली गोष्ट भूगोलात येते, गणितातली भूगोलात येते, पण शाळेत प्रत्येक तासाला बाई बदलतात म्हणून मुलांना तो धागा दिसत नाही. एवढंच म्हणणं होतं.

त्यावर सरांची कमेंट, जशीच्या तशी:

"ताई, लेख गोड आहे. पण वर्गात पाय न ठेवता घरी बसून पुस्तकं चाळली म्हणजे मुलं काय शिकतात ते कळत नाही. तुम्ही पुस्तकात काय छापलंय ते लिहिलंत. भाच्याला कान्हेरेंचं नाव पाठ आहे पण फाशी कुठे झाली ते माहीत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग तो शिकला काय? दुसरं, भरती रोज ५० मिनिटं लवकर नव्हे, उशिरा येते. शिवाय इतर बोर्डांशी तुलना नाही, दप्तराच्या ओझ्यावर, आठवीपर्यंतच्या ढकलगाडीवर अवाक्षर नाही. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करावा ही नम्र विनंती."

आधी चूक मान्य करून टाकते म्हणजे नंतर मोकळेपणाने बोलता येईल. भरतीचं तुमचं बरोबर आहे. रोज साधारण ५० मिनिटं उशिराच येते, मी घाईत उलटं लिहिलं, काल रात्रीच दुरुस्त केलंय. पण सर, चूक दाखवून तुम्ही थांबलात, का उशिरा येते ते सांगितलं नाहीत. मुख्याध्यापकांनी सांगायला हवं होतं. मी सांगते, कारण त्यात माझाच मुद्दा आहे. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. तेवढ्या दिवसात चंद्र सूर्याच्या मानाने एक पूर्ण फेरी मारतो, ३६० अंश. ३६० भागिले २९.५, म्हणजे रोज सव्वाबारा अंशांच्या आसपास तो पुढे सरकलेला असतो, आणि पृथ्वीला त्याच्यासमोर यायला तेवढं जास्त फिरावं लागतं. आता आठवीच्या भूगोलात स्थानिक वेळेचा धडा आहे, त्यात पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात हे येतं. सव्वाबारा गुणिले चार करा, ४९ मिनिटं. झालं! भरती-ओहोटी सातवीच्या भूगोलात, ४ मिनिटं आठवीच्या भूगोलात, आणि जोडणारं समप्रमाण सातवीच्या गणितात. त्याच ४ मिनिटांनी हेही निघतं की आपलं ठाणे ७३ रेखांशाच्या जवळ आणि प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटांची, साडेनऊ अंशांचा फरक, म्हणजे आपल्याकडे सूर्य घड्याळापेक्षा ३८ मिनिटं मागे. हे मी लेकीला जेवणाच्या टेबलावर करून दाखवलं तेव्हा ती म्हणाली "म्हणजे आत्ता खरे पावणेनऊ नाही वाजलेत?" आणि मग झोपायला जायचं नाही म्हणून त्याच मुद्द्यावर अडून बसली, तो भाग वेगळा.

आता "चाळली" या शब्दाकडे येते.

चाळतात ते पीठ, सर. पुस्तकं मी वाचली. दोन्ही वर्गांची, पेन्सिल घेऊन, स्वाध्यायासकट, आणि गणिताचे सरावसंच सोडवून. सरळव्याजाला मी स्वतः दोनदा चुकले, मुदत महिन्यात दिलेली होती आणि मी वर्षं धरली. चाळणाऱ्याला हे होत नाही, चाळणारा चुकत नाही कारण तो गणित करतच नाही. आणि "घरी बसून"! घरी बसून म्हणजे नक्की काय करत असतो माणूस असं वाटतं तुम्हाला? सकाळी साडेपाचला पाणी येतं तिथपासून सांगू का?

आणि "वर्गात पाय न ठेवता". या चार शब्दांवर मी रात्री दीड वाजेपर्यंत जागी होते, खोटं कशाला बोलू. मी कळव्याच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण, आणि बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत शिफ्टला. माझी बी.एस्सी. झाली त्या वर्षापासून लग्नानंतर दुसरी खेप होईपर्यंत मी त्याच खोलीत आणि नंतर भाड्याच्या हॉलमध्ये सहावी ते आठवीचे घरगुती क्लास घेतले, अकरा वर्षं. एका बॅचला चौदा मुलं, सतरंजी एक, फळा दारामागे टांगलेला, कुणी आलं की फळ्यासकट दार उघडायचं. पालक फी महिन्याच्या वीस तारखेला द्यायचे आणि काही द्यायचेच नाहीत, त्यांची मुलं तशीच बसायची. त्याला वर्ग म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मुख्याध्यापक तुम्ही. माझ्याकडे हजेरीपट नव्हता हे मान्य.

आणि शाळेतला वर्ग पण पाहिलाय हो. सातवीत असताना मी विचारलं होतं की दुपारी वारा खाडीकडून येतो आणि पहाटे उलटा का जातो. उत्तर आलं, "हे भूगोलाच्या तासाला विचार, आत्ता विज्ञान चालू आहे." भूगोलाच्या तासाला विचारलं तर "धडा आला की बघू." धडा आला तेव्हा खारे वारे आणि मतलई वारे यांच्या व्याख्या फळ्यावरून उतरवल्या आणि संपलं. कुठली शाळा ते सांगत नाही, बाई चांगल्या होत्या, साठ मुली होत्या वर्गात, त्यांचा दोष नाही. पण तो प्रश्न माझ्याकडे तसाच राहिला बघा. आज लेकीच्या पुस्तकांत विज्ञानात उष्णतेचा धडा आहे आणि भूगोलात हवेचा दाब आणि वारे आहेत, आणि दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेवली की उत्तर समोर येतं. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा तापतं. जमिनीवरची हवा तापून वर जाते, दाब कमी होतो, पाण्यावरची गार हवा आत येते. रात्री जमीन लवकर निवते, सगळं उलट.

आम्ही ते गच्चीवर पाहिलंसुद्धा. फेब्रुवारीत, दुपारी चार वाजता दोरीवरच्या चादरी खाडीच्या उलट बाजूला, पारसिकच्या डोंगराकडे फुगलेल्या होत्या. मग लेकीने हट्टाने पहाटे पाचचा गजर लावला, मी शिव्या घालत वर गेले, आणि तिचा स्कार्फ (ती मुद्दाम विसरून आली होती) अगदी थोडासा, पण खाडीच्या बाजूला हलत होता. ती म्हणाली, "मतलई!" एखाद्या ओळखीच्या माणसाला हाक मारावी तशी. त्या क्षणाला माझ्या डोळ्यात पाणी आलं, झोप झालेली नव्हती म्हणूनही असेल.

आता तुम्ही म्हणाल की बघा, पुस्तकातून नाही, गच्चीवर शिकली. म्हणा. पण "मतलई" हा शब्द तिला गच्चीने दिला नाही, पुस्तकाने दिला.

(सहामाहीत ती खारे वारे रात्री वाहतात असं लिहून आली. दोन मार्क गेले. घाईत उलटं झालं म्हणाली. घराण्यातच आहे.)

कान्हेरेंचं. हा तुमचा मुद्दा मी वाचला, दोनदा वाचला. भाच्याला नाशिक, कान्हेरेंनी मारलेला तिथला कलेक्टर जॅक्सन, १९०९, अभिनव भारत ही क्रांतिकारकांची संघटना, सगळं फाडफाड येतं, आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी दिली ती ठाण्याच्या जेलमध्ये, जिच्या भिंतीशेजारून त्याची शाळेची बस रोज जाते, हे त्याला ठाऊक नव्हतं. ती जेल म्हणजे मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला किल्ला, हे तर त्याच्या आईलाही माहीत नव्हतं, आणि ती जन्मापासून ठाण्यात आहे. पण पुस्तक अख्ख्या महाराष्ट्राला एकच असतं, त्यात गडचिरोलीच्या मुलाला ठाण्याच्या बसचा रूट कशाला द्यायचा? ते सांगायचं काम वर्गातल्या माणसाचं. आता वर्गात कोण असतं, मी की तुम्ही? या विषयावर मला एवढंच बोलायचंय, जास्त बोलले तर भांडण होईल.

बाकीचं पटकन. इतर बोर्डांशी तुलना केली नाही कारण ती पुस्तकं माझ्या घरात नाहीत. दप्तराच्या ओझ्यावर सगळेच लिहितात, मध्ये पुस्तकांचे चार भाग करून आत वहीची कोरी पानं घालून झाली, त्यावरही रकानेच्या रकाने आले, मी कशाला भर घालू. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा वेगळा टप्पा धरलाय आणि त्यात दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, आमच्याकडे ते दहा दिवस आले की कळवते. ढकलगाडी, म्हणजे नापास न करता पुढच्या वर्गात ढकलणं, तर पाचवी-आठवीला आता राहिलीच नाही, वार्षिक परीक्षा परत आलीये, हे तुम्हाला माहीत असणारच. अभ्यास करूनच लिहिलं असेल तुम्ही.

राहिली "नम्र विनंती". आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पार्किंगवरून शिवीगाळ झाली की दुसऱ्या दिवशी नम्र विनंती लागते, त्यामुळे या दोन शब्दांचा मला जरा धसका आहे. आणि लेख "गोड" आहे म्हणजे काय? बासुंदी आहे का? एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर "अभ्यासपूर्ण पण काही त्रुटी" असं आलं असतं, पैजेवर सांगते. ताई म्हणालात त्याचा राग नाही, आमच्याकडे भाजीवाला पण ताईच म्हणतो, पण तो निदान कोथिंबीर वर घालतो.

थोडं जास्त बोलले असेन. तुमची हयात शिकवण्यात गेली, त्याचा आदर आहे, खरंच आहे. हे पोस्ट करायच्या आधी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला "त्यांच्या मुख्य प्रश्नाला उत्तर कुठे दिलंस?" त्याला पण सांगितलं की वर्गात पाय ठेव आधी.

पुढचा लेख आठवीच्या नागरिकशास्त्रावर आहे, संसद, विरोधी पक्ष वगैरे. बुधवारी रात्री टाकेन. तुम्ही येणारच, कमेंट चालू ठेवल्या आहेत.