‘आपला काय संबंध?’ विचारणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेत फेब्रुवारी हा काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना, ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणून पाळतात. ‘ब्लॅक हिस्टरी मंथ म्हणजे अमेरिका फोडण्याचा कट’ या मथळ्याचा लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली माझ्या भाचीसाठी लिहिलं, ‘आधी हे वाच, मग प्रोजेक्ट कर.’ भाची न्यू जर्सीत नववीत आहे आणि शाळेसाठी फ्रेडरिक डग्लस यांच्यावर, म्हणजे गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या काळ्या नेत्यावर, लिहितेय. दाजी मानानं मोठे आहेत, तरी हे ऐकून गप्प बसवत नाही.

मेसेज म्हणतो, हा महिना सरकारनं मतांसाठी सुरू केला. साफ खोटं. गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा, हार्वर्डचे डॉक्टरेट इतिहासकार कार्टर वुडसन यांनी 1926 साली फेब्रुवारीत एक आठवडा पाळायला सुरुवात केली. फेब्रुवारीच का, तर लिंकन यांचा वाढदिवस 12 ला आणि डग्लस यांचा 14 ला साजरा व्हायचा. पुढे आठवड्याचा महिना झाला आणि त्याला सरकारी मान्यता मिळाली 1976 मध्ये, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्याकडून.

‘आफ्रिकनांनीच आफ्रिकनांना विकलं.’ हो, विकलं. पश्चिम आफ्रिकेतली दाहोमेसारखी राज्यं त्यावर गब्बर झाली, हे मान्य करायलाच हवं. पण 1662 साली व्हर्जिनियात कायदा झाला की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर पोटचं बाळही गुलाम, मग बाप स्वतः मालक का असेना. हा कायदा कुठल्या आफ्रिकन राजानं लिहून पाठवला नव्हता.

मेसेजमधलं रत्न मात्र पुढे आहे: ‘गुलामगिरीमुळे त्यांना हुन्नर शिकायला मिळाला.’ हे काही एकट्या कुणा रिकामटेकड्याच्या डोक्यातून आलेलं नाही. 2023 मध्ये फ्लोरिडाच्या शालेय अभ्यासक्रमातही याच वळणाचं वाक्य घातलं गेलं. अहो, साउथ कॅरोलायनात गुलामांच्या विक्रीच्या जाहिरातींत ‘भातशेतीची सवय असलेले’ असं छापलं जायचं, कारण मळेवाल्यांना पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातली जाणती माणसं हवी असत. 1721 मध्ये बोस्टनला देवीची साथ आली तेव्हा निरोगी माणसाला देवी टोचून वाचवता येतं, हे कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला आधीच सांगून ठेवलं होतं ते त्याच्याच ओनेसिमस नावाच्या गुलामानं. आफ्रिकेत त्याला स्वतःला ती टोचलेली होती. आणि शिकवायची एवढी हौस होती, तर त्याच साउथ कॅरोलायनात 1740 च्या कायद्यानं गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला 100 पौंड दंड कशाला ठेवला?

पण सगळ्यात वाईट आहे तो शेवटचा मुद्दा, आणि दाजींनी नेमका तोच ठळक करून पाठवला: ‘आपण भारतीय इथे स्वतःच्या हिमतीवर आलो. आपला या इतिहासाशी काय संबंध?’

दाजी, संबंध भाचीच्या पासपोर्टात आहे. ती जन्मली तेव्हा तुम्ही आणि ताई एच-वन-बी व्हिसावर होतात, ग्रीन कार्डचा पत्ता नव्हता. तरी ती जन्मतःच अमेरिकन नागरिक, ती राज्यघटनेच्या 14व्या दुरुस्तीमुळे. आता ही दुरुस्ती कुणासाठी आली ते बघा. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की काळा माणूस, गुलाम असो वा स्वतंत्र, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. मग यादवी युद्ध झालं. त्यात लिंकनच्या बाजूनं जवळपास 1 लाख 80 हजार काळे सैनिक लढले. 1868 मध्ये घटनेत लिहिलं गेलं की जो या भूमीवर जन्मला आणि इथल्या कायद्याखाली येतो, तो नागरिक. ज्या जन्मामुळे 200 वर्षं माणूस गुलाम ठरत होता, तोच जन्म आता हक्काचा झाला. अमेरिकन कोण, याचं उत्तरच काळ्या लोकांच्या लढ्यातून लिहिलं गेलंय. 1898 मध्ये याच कलमावर सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कनं, चिनी आईबापांच्या मुलानं, खटला जिंकला. पुढे आपली पोरं आली. जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून या हक्काला हात घातला, तेव्हा आपल्याच ग्रुपवर केवढी घालमेल झाली होती!

हिमतीचं म्हणाल, तर ती पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंद यांच्यातही होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते ते. 1923 मध्ये सुप्रीम कोर्टानं ऐकवलं, तुम्ही गोरे नाही, नागरिकत्व नाही. 1946 मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचं दार किलकिलं झालं, तरी भारतातून येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला 100 माणसं. ही पद्धत मोडली 1965 च्या स्थलांतर कायद्यानं, आणि तो आला नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात. त्याच वर्षी मार्चमध्ये अलाबामा राज्यातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या काळ्या माणसांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, ऑक्टोबरमध्ये आपल्यासाठी दार उघडलं. मग आपले डॉक्टर-इंजिनियर विमानात बसले.

जोतीरावांना पुण्यात बसून हा संबंध दिसला होता. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना.

राहिलं मेसेजमधलं ‘मग गोऱ्यांचा महिना का नाही?’ मार्च आयरिश-अमेरिकनांचा असतो, ऑक्टोबर इटालियन-अमेरिकनांचा. मे आशियाई-अमेरिकनांचा, म्हणजे आपलाही. त्या महिन्यात टाउन हॉलसमोर मराठी मंडळी लेझीम खेळतात, फोटो ग्रुपवर येतात. दाजी, गेल्या वर्षी तिथं ढोल तुमच्याच गळ्यात होता.