चुकीच्या खोलीतला माणूस

चार खोल्यांच्या रेव्हचे, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताच्या जलशाचे, तिकीट काढणारा माणूस मुळात आशावादी असतो. तिकीट एक, खोल्या चार, पाय दोन आणि रात्र फार तर सात तासांची. हे गणित घरी बसून कागदावर दर वेळी सुटते. दाराच्या आत पाऊल टाकले की आपण ज्या खोलीत असू ती चुकीची निघते, आणि खरी धमाल शेजारच्या खोलीत चाललेली असते.

याची सुरुवात वेळापत्रकापासून होते. पहिल्या खोलीत हाउस, दुसरीत टेक्नो, तिसरीत ड्रम अँड बेस, ही त्या संगीताची तीन घराणी, आणि चौथी चिल-आउट, म्हणजे पहिल्या तिघींनी थकवलेली माणसे ठेवायची जागा. आपल्याला ऐकायचे असलेले तिन्ही डीजे रात्री दीड ते तीन याच वेळात असतात. यात कोणाचा कट वगैरे नसतो. गर्दी भरल्याशिवाय मोठा डीजे लावत नाहीत, आणि गर्दी तिन्ही खोल्यांत एकाच वेळी भरते. साडेअकराला गेलात तर प्रत्येक खोलीत एक डीजे, एक बाउन्सर आणि भिंतीला टेकून फोन बघणारी चार माणसे भेटतील. तेव्हा मात्र खोल्या बदलायला काहीच अडचण नसते.

दारावर मनगटाला पट्टा बांधतात. तो दिसतो कागदी, पण हाताने फाटत नाही आणि एकदा चिकटला की सैल होत नाही. म्हणून बांधतानाच खाली दोन बोटे जातील इतकी जागा ठेवायला सांगावी, आणि चिकट भाग मनगटाच्या केसाळ बाजूला येऊ देऊ नये. पट्ट्याऐवजी शिक्का असेल तर त्या हाताने रात्रभर घाम पुसू नये. नुसते ऐकायला सोपे आहे, चौथ्या मिनिटाला विसरायला होते. मग क्लोकरूम, म्हणजे सामान ठेवायची खोली. कोट, पिशवी, टोपी, सगळे एकाच पिशवीत कोंबून एकच टोकन घ्यावे आणि टोकनाचा फोटो काढावा. मोठ्या ठिकाणी दोन क्लोकरूम असतात आणि टोकनाचा रंग वेगळा असतो, तोही नीट पाहून ठेवावा. हे कोणी करत नाही, कारण तोवर आतून 'धप धप' ऐकू यायला लागलेले असते.

त्या 'धप धप'विषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण रात्रीच्या सगळ्या दुःखाचे मूळ तिथे आहे. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, बेसच्या (खर्जातल्या जाड आवाजाच्या) लाटेची लांबी सुमारे सात मीटर भरते. हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या जोड-झांजेची, जी बारीक 'त्स त्स' असते, तिच्यातल्या १० हजार हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. बारीक आवाज माणसांच्या कपड्यांत, पडद्यांत, दाराच्या गादीत विरून जातो. बेस मात्र भिंत हलवून पलीकडे निघून जातो. म्हणजे पॅसेजमध्ये उभे राहिले की प्रत्येक खोलीतले गाणे सोलून फक्त त्याची आठळी आपल्यापर्यंत पोचते, आणि उरलेले गाणे आपले मन रचते. मनाला रचना करायला सांगितली की ते कंजूषपणा करत नाही. भिंतीपलीकडे जगातला सर्वोत्तम सेट, म्हणजे डीजेची सलग मैफल, चालू आहे याची खात्री पटते. धक्के खात तिथे पोचावे, तर एक बऱ्यापैकी गाणे चालू असते आणि मागच्या खोलीतून 'धप धप' ऐकू येऊ लागते.

पॅसेजमध्ये पायांचेही हाल होतात. साधे चालताना मिनिटाला शंभर-एकशेवीस पावले पडतात. हाउसची गती मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांची, त्यामुळे त्या खोलीत नाचता न येणारा माणूसही जागच्या जागी चालून वेळ निभावतो. टेक्नो साधारण १३० पासून पुढे दीडशेपर्यंत जाते. ड्रम अँड बेस १७० ते १८०. तिथे मुरलेले लोक निम्म्या गतीने, म्हणजे ८७ च्या आसपास डोलतात, आणि नवखे पूर्ण गतीने नाचून दहाव्या मिनिटाला चौथ्या खोलीत दाखल होतात. आता डाव्या दारातून १२८ चे हाउस आणि उजव्या दारातून १४० चे टेक्नो येत असेल, तर दोघांचे ठोके दर पाच सेकंदांनी एकदा जुळतात आणि लगेच पुन्हा फाटतात. पॅसेजमधले लोक दारू प्यायल्यासारखे दिसतात, पण त्यांच्या अडखळण्याला बहुतेक वेळा हेच कारण असते.

याच पॅसेजमध्ये एक जाणकार हमखास भेटतो. तो भिंतीला टेकून वाटच पाहत असतो. शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा डीजे रेकॉर्ड लावत असे आणि 'हाउस' हे नाव त्या क्लबवरूनच पडले, हे तो आपल्या कानात ओरडून सांगतो. टेक्नो डेट्रॉइटचे, हेही. मग रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या सिंथेसायझरची कथा येते. हे यंत्र १९८१ मध्ये बाजारात आले ते बेस गिटार वाजवणाऱ्याच्या जागी साथीला ठेवायला. आवाज गिटारसारखा अजिबात नव्हता, त्यामुळे खप बेताचा आणि तीन वर्षांत उत्पादन बंद. मग जुन्या बाजारातून ते स्वस्तात शिकागोच्या पोरांच्या हाती लागले, त्यांनी त्याची बटणे नको तितकी पिळली, आणि त्या कुरकुरीतून 'ॲसिड हाउस' निघाले. कथा अस्सल आहे, मलाही आवडते. पण ती ऐकताना मागे एक ड्रॉप, म्हणजे थांबलेला ठोका दणक्यात परत येण्याचा क्षण, निघून जातो. जाणकार त्यावर ब्रिटनचा १९९४ चा कायदा काढतो, ज्यात पोलिसांना रेव्ह ओळखता यावी म्हणून 'पुनरावृत्त ठोक्यांची मालिका' अशी व्याख्या घातली आहे. इतके नेमके संगीतसमीक्षण दुसऱ्या कोणत्या कायद्यात असेल असे वाटत नाही.

खोली बदलायचीच असेल तर वेळ साधावी लागते. गाण्यातला ढोलाचा ठोका थांबतो, सूर वर वर चढत जातो, सगळे हात आणि फोन वर करून उभे राहतात, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. माणसे स्थिर असतात, वाट काढायला हीच संधी. पण मुदत ठरलेली असते. १२८ च्या गतीला चार ठोक्यांचे सोळा बार म्हणजे बरोब्बर ३० सेकंद. बत्तीस बार मिळाले तर अख्खे मिनिट. तेवढ्यात वीस-पंचवीस रांगा पार करायच्या, कारण नंतर ड्रॉप पडतो आणि दीड हजार कोपरे एकदम कामाला लागतात. हातात भरलेला ग्लास असेल तर निघूच नये. ग्लास आपला, पण त्यातले पेय दुसऱ्याच्या पाठीचे, असा तिथला वाटपाचा नियम आहे.

एवढे करून दुसऱ्या खोलीच्या दारात पोचले की बाउन्सर हात आडवा धरतो. खोलीची मर्यादा भरलेली असते. एक बाहेर, एक आत. आतून कोण बाहेर येणार? ज्याला आपण सोडून आलेली खोली बरी वाटते तो. तो येतो, आपण आत जातो, दोघे एकमेकांकडे कीव केल्यासारखे बघतो. तीस पावलांच्या या प्रवासाला स्वच्छतागृहाची रांग धरून १५ मिनिटे लागतात. चार वेळा खोली बदलली की एक तास गेला, आणि बऱ्याच डीजेंचा सेट तेवढ्याचाच असतो.

मला विचाराल तर एक खोली धरावी आणि तिच्यातही जागा निवडून उभे राहावे. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याचे टेबल शोधायचे आणि त्याच्या पुढ्यात, दोन्ही स्पीकरांच्या मधोमध थांबायचे. त्याने सगळा आवाज स्वतःच्या कानाला जुळवलेला असतो. मागच्या भिंतीला किंवा कोपऱ्यात उभे राहू नये. बेसच्या लाटा भिंतीवर आपटून परत येतात आणि कोपऱ्यात साचतात, तिथे बरगड्यांना गाणे ऐकू येते, कानाला नाही. उलट खोलीत अशाही जागा असतात जिथे जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेस गायब होतो. दोन पावले सरकले की परत येतो. लोक त्यासाठी उगाच डीजेला शिव्या घालतात.

आणि इअरप्लग, म्हणजे कानात घालायचे बोळे. कानाला ८५ डेसिबल आवाज आठ तास चालेल असे धरले, तर दर तीन डेसिबलना ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलचीच कमाल मर्यादा सुचवली आहे. फोमचे इअरप्लग घालण्याची एक पद्धत असते: बोटांनी वळून बारीक सुरळी करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या टोकाला धरून वर-मागे ओढायचा, सुरळी आत सारायची आणि फुगेपर्यंत अर्धे मिनिट बोटाने दाबून धरायची. लोक ते अर्धवट खोचतात. मग वरचे सूर अडतात, बेस सुखाने आत येतो आणि 'इअरप्लगने मजा जाते' असा प्रवाद पसरतो. संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्यावेत, ते सगळे सूर सारखे कमी करतात. त्यांचा आणखी एक फायदा असा की ते घातल्यावर शेजाऱ्याचे बोलणे उलट जास्त स्पष्ट कळते. न घालणाऱ्यांचे संवाद असे चालतात:

"तो कुठेय रे?"

"काय?"

"तो! कुठेय?"

"हो ना, भारीच आहे!"

'तो' हरवलेला असतो. प्रत्येक गटातला एक जण हरवतो आणि हरवल्याचे त्याला माहीत नसते. त्याच्या मते बाकीचे सगळे हरवलेले असतात. काँक्रीट आणि लोखंडाच्या त्या डब्यात हजारो फोन एकाच टॉवरला लोंबकळत असतात, त्यामुळे 'दोन नंबरच्या खोलीत ये' हा निरोप पन्नास मिनिटांनी पोचतो. तोवर निरोप धाडणारा तीन नंबरमध्ये गेलेला असतो, आणि निरोपाबरहुकूम दोन नंबरात आलेला माणूस 'आलो, कुठे आहेस' असे लिहितो, जे पहाटे घरी पोचल्यावर वाचायला मिळते. यावर उपाय म्हणजे निरोपातच वेळ लिहायची: '१:४० ला दोन नंबर, डाव्या स्पीकरपाशी, २ पर्यंत थांबतो'. आणि आत शिरतानाच एक खूण ठरवायची. दारूचा बार ही खूण होत नाही, तिथे सगळेच असतात. सिग्नल शोधून शोधून फोनची बॅटरी मरते, म्हणून मधल्या वेळात तो विमानाच्या मोडवर टाकावा.

पाण्याचे तेवढे सांभाळावे. नाचणाऱ्याने तासाला साधारण अर्धा लिटर, तेही घोट घोट. कमी पडले तर घेरी येते, आणि घाबरून दोन लिटर एकदम ढोसले तर रक्तातले सोडियम पातळ होऊन त्याहून वाईट होते. छतावरून मधूनच थेंब पडतात. ते एसीचे पाणी आहे अशी सगळ्यांनी समजूत करून घेतलेली असते. हजारभर माणसांचा घाम वाफ होऊन वर जातो, थंड लोखंडाला लागतो आणि पाणी होऊन खाली येतो. वर बघून तोंड उघडू नये इतकेच.

मग अडीचच्या सुमारास चिल-आउट. ही कल्पना लंडनच्या 'हेवन' क्लबमध्ये १९८९ मध्ये रुजली. नाचून दमलेल्यांसाठी ठोक्याविना संगीताची वेगळी खोली. तिथल्या बीनबॅगमध्ये बसायला दोन सेकंद आणि उठायला अर्धा तास लागतो. निळ्या-जांभळ्या यूव्ही (अतिनील) दिव्यात पांढरे कपडे लखलखतात, कारण धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी रसायने असतात, आणि काळा शर्ट घालून आलेल्या माणसाच्या अंगावरचा धुलाईतला प्रत्येक तंतूही लखलखतो. डोळे मिटावेत, तर भिंतीतून पुन्हा 'धप धप'. या वेळी तीन खोल्यांची, एकत्र. निजलेली माणसे एकेक करून उठतात आणि दाराकडे निघतात.

संगीत मात्र सगळ्या खोल्यांत एकाच मिनिटाला थांबते. दिवे लागतात, जमिनीचा खरा रंग दिसतो, बूट का चिकटत होते ते कळते, आणि सगळेच्या सगळे क्लोकरूमकडे वळतात. काउंटरवर दोन माणसे, ६०० कोट, प्रत्येक कोटाला २० सेकंद धरले तरी शेवटच्याला एक तास चाळीस मिनिटे. वीस मिनिटे आधी निघाले तर ही रांग टळते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण शेवटचे गाणे सोडून निघालेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.

रांगेत सगळ्या खोल्यांची माणसे पहिल्यांदाच एका जागी येतात. कानात कुईं वाजत असते, म्हणून सगळे अजून ओरडूनच बोलतात. एक नंबरवाला म्हणतो, "तुमच्याकडे काय आवाज येत होता राव!" दोन नंबरवाला म्हणतो, "अहो, मी रात्रभर तुमच्याच खोलीत शिरायचा प्रयत्न करत होतो." हरवलेला 'तो' सहा माणसे पुढे उभा असतो आणि तुम्ही सगळे कुठे गेला होतात असे रागाने विचारतो. असे करत करत आपला नंबर येतो. काउंटरवरची बाई टोकन टॉर्चखाली धरते. रात्री लाल दिव्याखाली ते पांढरे दिसले होते.

"हे गुलाबी आहे," ती म्हणते. "गुलाबीवाले पलीकडच्या खोलीत."