जुलाब लागलेल्या बाळाचं पाणी तोडा म्हणे!

परवा रात्री साडेअकराला मामेबहिणीचा फोन. दहा महिन्यांच्या लेकाला सकाळपासून आठ-नऊ पातळ जुलाब, दोन उलट्या. "ताई, पाणी बंद केलंय तरी थांबत नाहीये गं." पाणी का बंद केलं, तर व्हॉट्सअॅपवर आलं होतं. लगेच मलाही तो मेसेज पाठवला. वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का आणि खाली कलमं: जुलाबात पाणी-दूध बंद करून पोटाला विश्रांती द्या, ओआरएस म्हणजे साखरपाणी, त्यानं जुलाब थांबत नाहीत, नुसता कंपन्यांचा धंदा, खरा इलाज सलाईन, झिंक म्हणजे विषारी धातू, दात येताना जुलाब व्हायचेच, फारच झाले तर मोठ्यांची जुलाब बंद व्हायची गोळी पाव करून द्या.

पहिल्या कलमाबद्दल मला राग आवरत नाही. अहो, जुलाबानं मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं जुलाबाच्या आजारानं जातात. वाहून चाललेलं भांडं भरायचं सोडून वरचा नळही बंद करायचा, ही कुठली विश्रांती? फोनवर मी विचारलं, टाळू बघ. "थोडी खोल गेल्यासारखी वाटतेय, आईंनी तेल भरलंय." टाळूला हवं तेवढं तेल भरा, पण ती खोल जाते ती आत पाणी कमी पडल्यामुळे, आणि पाणी तोंडानंच जायला हवं. अंगावरचं दूध तर एक वेळही तोडायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. खाणारं मूल असेल तर मऊ भात, वरण, नेहमीचं जे असेल ते.

आता साखरपाणी. आतड्याच्या पेशींत एक दार असं आहे, की ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले की दोघांना आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाबात, अगदी कॉलऱ्यातही, हे दार चालू असतं. म्हणून साखर आणि मीठ, तेही मोजून.

सलाईनवाल्यांनी तर १९७१ सालचं पश्चिम बंगालमधलं बनगाव ऐकावंच. बांगलादेशच्या युद्धातून आलेले निर्वासित, छावणीत कॉलरा, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलेलं. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपं भरली आणि पेशंटच्या नातेवाइकांनाच पाजायला बसवलं. ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांखाली आलं. म्हणजे ओआरएस सिद्ध झालं तेच सलाईन नसताना! १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्याला शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनबीसांनी त्याचं पेटंटही घेतलं नाही. आशाताई पावसाळ्याच्या तोंडावर ही पाकिटं घरोघर फुकट वाटतात. धंदा म्हणे.

सलाईन कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. मूल मलूल पडलं, पिईनासं झालं, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे गेली, शौचात रक्त दिसलं, तर फोन ठेवून दवाखाना गाठायचा.

आणि एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत, हे त्या मेसेजमधलं वाक्य खरं आहे. ते त्याचं कामच नाही. कंपन्यांबद्दलही थोडं तथ्य आहे: नावात 'ओआरएस' मिरवणारी गोड पेयं खोक्यांतून विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध अनेक वर्षं भांडल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. जास्त गोड पाण्यानं जुलाब वाढतात. तेव्हा पाकीटच घ्या.

पाकिटावरून आठवलं. बहिणीकडे ते होतं. मी म्हटलं कालव, तर तिनं अर्धं पाकीट वाटीभर पाण्यात ओतलं. एक लिटरचं पाकीट! ते सगळं फेकायला लावलं. लिटरची बाटली मोजून पाणी, त्यात अख्खं पाकीट, चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून टाकायचं. चमच्याचमच्यानं पाजायचं, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा.

बाकीची कलमं पटकन. दात येण्यानं जुलाब लागत नाहीत, त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं म्हणून लागतात. ती मोठ्यांची गोळी लहान मुलांना द्यायचीच नाही. आतडंच ढिम्म होऊ शकतं. आणि झिंक विष नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब लवकर आटोपतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा लागायची शक्यता कमी होते. जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या.

पहाटे तीनला बाळानं शू करून लंगोट ओला केला. सकाळी बहिणीचा मेसेज: "ताई, तो फॉरवर्ड सासूबाईंनी पाठवला होता. त्यांना तूच सांग ना."