साडेसातची वेळ

परवा आमच्या बडोद्याच्या घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा गुजरातच्या दारूबंदीचा विषय निघाला. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रात सरकारने दारूबंदीतून सवलत दिली, तेव्हापासून हा वाद अधूनमधून पेटतोच. दादा म्हणतो, बंदी नावालाच आहे, उठवून टाका. काका म्हणतात, गांधीजींच्या गुजरातेत हे बोलणंसुद्धा पाप. दोघांच्याही बोलण्यात बाई एकाच रूपात येते: दारुड्याची बायको, मार खाणारी, मंगळसूत्र विकणारी. मी ऑस्ट्रेलियात, ॲडलेडमध्ये बसून वाचत होते. त्या ग्रुपवर दारू पिणारी एक बाईही होती, हे त्यांना सांगावंसं वाटलं. तिथे लिहवलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मुलीला दारूचा वासही माहीत नव्हता. एका काकांकडे हेल्थ परमिट होतं. चाळिशीनंतर डॉक्टरी कारणासाठी मिळणारं ते परमिट दिवाणखान्यात कौतुकाने सांगितलं जायचं, एवढीच आमची ओळख. लग्न करून मी आले ती थेट वाइनच्या प्रदेशात. ऑस्ट्रेलियातली जवळपास निम्मी वाइन दक्षिण ऑस्ट्रेलिया या एका राज्यात होते, आणि वाइन खोक्यात भरून विकण्याची युक्तीही इथलीच, १९६५ सालची. खोकं कपाटात ठेवलं की वाजत नाही, आणि किती संपलं ते बाहेरून दिसत नाही. नवऱ्याचा हात उठायचा. तो साडेसातला रात्रपाळीला निघाला की मी कपाट उघडायची. पुढे मी ते घर सोडलं, मार थांबला, आणि पिणं दुपटीने वाढलं. लोकांना हे विचित्र वाटतं. पण भीती घर सोडताना सामानाबरोबर मागे राहत नाही, आणि ती गप्प करायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण वाचणारीला आजच उपयोगी पडेल. रोज पिणारीने दारू एका झटक्यात बंद करायची नाही, फिट्स येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. सुरुवात डॉक्टरांपासूनच. माझीही पाच दिवस हॉस्पिटलात झाली. गप्पांची पाळी नंतर.

मग मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बारा पायऱ्यांच्या सभेला गेले. १९३५ पासून त्या वाटेने असंख्य माणसं सावरली, त्याबद्दल मनात आदरच आहे. पण पहिली पायरी म्हणते, आपण हतबल आहोत हे कबूल करा. हतबल असणं मी लग्नात चार वर्षं रोज शिकले होते. ते पुन्हा कबूल करायला माझी जीभ वळेना. हे फक्त माझंच नव्हतं. अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये बायकांसाठी वेगळी संघटना काढली ती याच जाणिवेतून, की आधीच खचलेल्या बाईला आणखी खाली वाकवून उभं करता येत नाही.

नॅरेटिव्ह थेरपी, म्हणजे आपलीच गोष्ट नव्याने सांगायला लावणारं समुपदेशन, इथपर्यंत मी पोचले ती योगायोगाने, पण योग्य गावात. ॲडलेडचे मायकेल व्हाइट आणि ऑकलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी ऐंशीच्या दशकात ही पद्धत घडवली. तिचं मूळ वाक्य साधं आहे: माणूस म्हणजे समस्या नव्हे, समस्या हीच समस्या. पहिल्याच भेटीत समुपदेशक बाईंनी विचारलं, या पिण्याला तुमच्या भाषेत काय नाव द्याल? माझ्या तोंडून निघालं, साडेसाती. तिला अर्थ कळेना. मग शनी, साडेसात वर्षं आणि संध्याकाळचे साडेसात, सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर ती कधीच ‘तुमचं व्यसन’ म्हणाली नाही. साडेसाती तुम्हाला तुमच्याबद्दल काय सांगते? ती कोणाच्या बाजूने बोलते? ती आली आणि तशीच परत गेली, असं कधी झालं का?

झालं होतं. एका संक्रांतीच्या आदल्या दिवशी नेमका साडेसातला आईचा फोन आला. बडोद्यात दुपारचे अडीच. ती उंधियूची पापडी सोलत बसली होती आणि त्यातले मुठिये, म्हणजे मेथीचे गोळे, कसे वळायचे ते सांगत होती, मेथी किती, हात तेलाचा हवा, दाबायचे नाहीत. मी विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं. सकाळी ओट्यावर भरलेला ग्लास तसाच दिसला. मी ही गोष्ट विसरूनही गेले होते. समुपदेशक बाईंनी त्यावर अर्धा तास घालवला. बिल जपून ठेवलंय का? मुठिये वळायला तुमच्या आईला कोणी शिकवलं? तुम्हाला ओळखणाऱ्या त्या बाईला त्या संध्याकाळचं नवल वाटलं असतं का? आजीला नवल वाटलं नसतं, हे मी म्हणाले आणि रडले. चार वर्षांत प्रथमच कोणी मला माझ्याबद्दलचा असा पुरावा विचारला होता.

माराची कहाणी तिने बरेच महिने विचारली नाही. व्हाइट म्हणत, आधी काठावर पाय रोवायला जागा हवी, मग नदीकडे बघायचं. बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी पाहत वाढलेल्या मुलीला हे वेगळं समजवावं लागत नाही. आपल्याकडे मात्र ‘मन मोकळं कर’ म्हणून बाईला पहिल्याच दिवशी पाण्यात ढकलतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच गल्लीभर होतं.

या पद्धतीत मग चार बायकांसमोर आपली गोष्ट बोलायची असायची. ऐकणाऱ्यांनी सल्ला द्यायचा नाही, शाबासकीही नाही. कोणता शब्द मनात राहिला, डोळ्यांपुढे कोणतं चित्र आलं, स्वतःच्या आयुष्यातलं काय हललं आणि त्यामुळे मी कुठे पोचले, एवढंच सांगायचं. मला जातं आठवलं. जात्याला दोघी बसायच्या, एकीने ओवी म्हणायची, दुसरीने उचलायची. जात्याला ईश्वर म्हणून त्याच्याशी सासरचं दुखणं बोलायच्या. सासूला जे सांगता येत नव्हतं ते दगडाला सांगता येत होतं, आणि समोरची ‘सोस बाई’ म्हणत नव्हती, पुढची ओवी म्हणत होती. ही पद्धत परक्यांची आहे, आपल्या बायकांना जमणार नाही, असं मला कोणी सांगू नये.

परदेश चांगला आणि देश वाईट असं माझं म्हणणं नाही. इथे मी दोन वर्षं प्यायले आणि एकाही शेजाऱ्याने दार वाजवलं नाही. ऑफिसच्या प्रत्येक समारंभात हातात ग्लास येतो, नको म्हटलं तर कारण विचारतात. मुलं असलेल्या बायका मदत मागायला घाबरतात, मुलं काढून नेतील म्हणून. मी दांडिया बाजारात असते तर तिसऱ्या दिवशी वाड्याला कळलं असतं. पण कळल्यावर पुढे काय? २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात भारतात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के निघाल्या. हा आकडा दाखवून ‘आपल्यात हा प्रश्नच नाही’ म्हणणारे मी ऐकले आहेत. घरची माणसं ऐकत असताना दारात उभ्या अनोळखी माणसाला कोणती बाई खरं सांगेल? आणि जिथे पिणं हाच गुन्हा, तिथे तर बोलूच नये. १.६ टक्के म्हटलं तरी त्या लाखो बायका आहेत, आणि त्यात केमिस्टकडच्या गोळ्या धरलेल्या नाहीत.

बंदी ठेवा किंवा उठवा, पण त्या वादात या बायकांसाठी एक खोली मागा. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी वेगळा विभाग काढला, ‘निशिगंध’. बडोद्याची मराठी बाई तिथे जाऊ शकते, पण घरी काय सांगून निघणार? तिला तिच्याच गावात जागा हवी. ज्या गावात १९१४ मध्ये चिमणाबाई महाराणींच्या नावाने स्त्री उद्योगालय उभं राहिलं, जिथल्या विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र शाखा आहे, तिथे एक प्रशिक्षित ऐकणारी आणि चार बायका, एवढं जमू नये? सध्या व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत नंबर आहे. निदान तो तरी ज्या ग्रुपवर दारूबंदीचे मेसेज फिरतात तिथे फिरू द्या.

नॅरेटिव्ह थेरपीत भेटीनंतर समुपदेशक पत्र लिहितात. मला आलेलं इंग्रजी पत्र मी मराठीत उतरवलं आणि धीर करून आईला पाठवलं. आठ दिवस उत्तर नाही. मग फोन आला. ती म्हणाली, ‘हे बघ, शांतीनं ऐक. तुझी मावशी वीस वर्षं झोपेची गोळी घ्यायची. दोन, मग चार. मीच आणून द्यायची रावपुऱ्यातून. आम्ही म्हणायचो, तिला झोप लागत नाही.’ बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग तिने विचारलं, ‘तुमच्या त्या बाईनं तिला काय विचारलं असतं गं?’

तेव्हापासून ती रोज माझ्या साडेसातला फोन करते. ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा तिचे साडेतीनचे अडीच होतात. परवा म्हणाली, दुपारची झोप आता एक वाजताच उरकून घेते.