आड पेशीच्या आतच आहे

कॅल्शियमवरचा तो मेसेज एव्हाना तुमच्याकडेही दोन-तीनदा येऊन गेला असेल. थोडक्यात मजकूर असा: स्नायू आखडायला कॅल्शियम लागतं, ते दर हालचालीला रक्तातून ओढलं जातं आणि रक्त ते हाडांतून काढतं, म्हणून व्यायाम करणाऱ्याची हाडं पोकळ होतात, रात्री पोटरीत गोळे येतात, रोज एक गोळी घ्या, स्नायूंना बळ येईल, आणि व्यायामाआधी काळी कॉफी प्या, कॅफीनने स्नायूतले कॅल्शियमचे दरवाजे उघडतात. खाली म्हण जोडलेली: आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्या जोरावर बाकीची खपून जातात.

‘कॅल्शियम रक्तातून येतं.’ हातापायांच्या स्नायूंत तरी नाही. हे मी कैक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे. उंदराच्या तळपायातला एक छोटा स्नायू एन्झाइममध्ये ठेवला की त्याचे तंतू, म्हणजे एकेक लांबट पेशी, सुटे होतात. कॅल्शियमला चिकटला की चमकणारा फ्लुओ-४ नावाचा रंग आत भरायचा आणि विजेचा झटका द्यायचा. तंतू क्षणात उजळतो, आखडतो, विझतो. मग बाहेरच्या द्रावणातलं कॅल्शियम काढायचं, मॅग्नेशियम ठेवायचं, उरलंसुरलं कॅल्शियम धरून ठेवायला ईजीटीए घालायचं. पुन्हा झटका. तंतू पुन्हा उजळतो! नवा विद्यार्थी इथे हमखास विचारतो, ‘द्रावण नक्की बदललंय ना?’ बदललेलं असतं. आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि होरोविझ यांनी बेडकाच्या तंतूंवर हेच 1972 साली दाखवलं होतं. असं तासन् तास चालत नाही, हे खरं. पण एकेका झटक्याला बाहेरचं कॅल्शियम लागत नाही, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

मग येतं कुठून? तंतूच्या आत पातळ पडद्याच्या पिशव्यांचं जाळं असतं, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम. कॅल्शियमचा साठा तिथे. त्या पिशव्यांच्या तोंडावरचं दार म्हणजे रायनोडीन रिसेप्टर. हे नाव रायानिया नावाच्या झुडपातल्या विषावरून पडलं. ते विष पूर्वी कीटकनाशक म्हणून वापरत. दार अवाढव्य आहे: चार सारखे भाग, प्रत्येकात पाच हजारांच्या वर अमिनो आम्लं. मज्जातंतूचा संदेश तंतूत खोलवर उतरतो, तिथला विद्युतदाब ओळखणारा एक रेणू हलतो आणि शेजारच्या या दाराला अक्षरशः ओढून उघडतो. तो रेणू स्वतःही कॅल्शियमचा चॅनेल, म्हणजे पेशीत शिरायची वाट, आहे, त्यामुळे कुणालाही वाटेल की बाहेरचं कॅल्शियम त्यातूनच शिरत असणार. म्हणून त्यातून कॅल्शियम अजिबात जाणार नाही असा बदल केलेले उंदीर तयार केले गेले. 2017 मध्ये निकाल आला: त्यांच्या स्नायूंच्या कामात काही कमी पडलं नाही.

हृदयाची गोष्ट मात्र वेगळी. तिथे दर ठोक्याला बाहेरून थोडं कॅल्शियम आत यावं लागतं, मगच आतलं दार उघडतं. सिडनी रिंगर यांनी 1883 मध्ये बेडकाच्या हृदयावर ही गरज दाखवली. मेसेज लिहिणाऱ्याने हृदयाचा धडा पोटरीला लावला असावा, असा माझा अंदाज.

‘व्यायामाने कॅल्शियम खर्च होतं.’ सुटलेलं कॅल्शियम पंप लगेच उपसून परत पिशवीत भरतात. कॅल्शियमच्या दर दोन आयनांमागे (कणांमागे) एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू जातो. खर्च तो.

‘गोळे म्हणजे कॅल्शियमची कमतरता.’ रक्तातलं कॅल्शियम खरंच फार घसरलं तर हातपाय वळतात, हे डॉक्टर ओळखतात. पण ते का? मज्जातंतू अतिसंवेदनशील होऊन उगाच संदेश सोडू लागतात म्हणून. स्नायू कॅल्शियमला मोताद झाला असता तर ढिला पडला असता, वळला नसता. उलट रक्तात कॅल्शियम जास्त झालं की अशक्तपणा येतो. गोळीने बळ येतं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. एरवी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातली ही पातळी साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये राखून असते. हाडांसाठी कॅल्शियम लागतंच आणि आहारात कमी पडलं तर ते हाडांतून निघतं. तेवढ्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर जरूर घ्या.

आता कॉफी. कॅफीनने हे दार उघडतं, हे शंभर टक्के खरं. आम्हीच साठा रिकामा करायला ते वापरतो, 10 ते 30 मिलिमोलर (द्रावणातली मात्रा मोजायचं एकक). कपभर कॉफीनंतर रक्तात जे उतरतं ते याच्या शेकडो ते हजारो पटींनी कमी, आणि मिलिमोलरच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत माणूस जिवाला मुकू शकतो. कॉफीने तरतरी येते ती मेंदूत थकवा, झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवल्यामुळे.

शिवाय दार जास्त उघडलं की ताकद वाढते, हे गृहीतच घातक आहे. 1960 मध्ये डेनबरो आणि लोव्हेल यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकिकत छापली. पाय मोडलेला, पण त्याला धास्ती पायाची नव्हे, भुलीची होती: घरातले दहा जण ईथरच्या भुलीनंतर गेले होते. मॅलिग्नंट हायपरथर्मिया नावाच्या या आनुवंशिक विकारात बहुतेकदा दोष याच दाराच्या जनुकात सापडतो. भुलीच्या काही वायूंनी दार उघडलं की मिटत नाही. स्नायू ताठरतात, पंप एटीपी जाळत राहतात, अंग भट्टीसारखं तापतं. डँट्रोलिन हे औषध जीव वाचवतं ते दारातून सुटणारं कॅल्शियम रोखून.

याची चाचणी मांडीतल्या स्नायूच्या तुकड्यावर करतात. तुकडा कॅफीनच्या द्रावणात टांगतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. 2 मिलिमोलरपर्यंत निरोगी तुकडा ढिम्म असतो. दोष असलेला तिथेच आखडायला लागतो.