मानेच्या मुळाशी लागणारं ते हाड ‘वाढलेलं’ नाही

‘मान वाकवल्यावर मानेच्या मुळाशी टोकदार हाड हाताला लागतं का? मोबाइलमुळे ते वाढलंय. रोज लाटणं फिरवून बसवा.’ असा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे.

हाताला लागतं ते बहुतेकांच्या बाबतीत मानेच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या मणक्याचं मागचं टोक. तिसऱ्यापासून पाचव्या मणक्यापर्यंतची टोकं आखूड असतात, बहुधा दुभंगलेली, आणि स्नायूंखाली दडलेली. सातव्याचं टोक मात्र लांब आणि सहसा एकसंध असतं, म्हणून मान झुकवली की ते त्वचेखाली उठून दिसतं. काहींमध्ये त्याच्या खालचा, पाठीचा पहिला मणका जास्त उठून दिसतो, तेही नॉर्मलच. डॉक्टर याच खुणेवरून मणके मोजतात. सातवा कोणता हे ओळखायला त्या टोकावर बोट ठेवून हळूच वर छताकडे पाहा: सहाव्याचं टोक बोटाखालून आत सरकतं, सातव्याचं तिथेच राहतं.

सतत मान पुढे काढून बसल्याने उंचवटा जास्त दिसू शकतो, हे खरं. पण म्हणून हाड वाढत नाही आणि लाटण्याने ते आत जातही नाही. कृपया तिथे जोर लावू नका, विशेषतः म्हाताऱ्या माणसांच्या मानेवर.

तिथे मऊ, चरबीचा फुगवटा असेल तर गोष्ट वेगळी. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत किंवा कुशिंग सिंड्रोममध्ये (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) तो येतो. तो, किंवा हाताला मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा जाणवला तर डॉक्टरांना दाखवा.